थांबवता येण्याची किंमत

मंदीत कंपन्या माणसं घ्यायचं थांबवतात. कामं थांबत नाहीत. मला हे २०२३ मध्ये नोकरी गेल्यानंतर हळूहळू कळत गेलं, आणि तेव्हापासून मी कंत्राटावरच काम करते आहे. ओरॅकल डेटाबेस, त्याची पीएल-एसक्यूएल ही भाषा, एका सिस्टीममधला डेटा दुसऱ्या सिस्टीममध्ये सुखरूप नेणं हा माझा प्रांत. कंत्राटं बहुधा तीन महिन्यांची, कधी सहा, एखादं सहा आठवड्यांचंही. या काळात माझ्यासारखं काम करणारे जे भेटले, त्यातले बरेच जण कामाबद्दल मोकळेपणानं बोलतात आणि दराचा विषय निघाला की आवाज खाली आणतात. हा खाली गेलेला आवाज आपल्याला फार महागात पडतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी आयटीतली ही मंदी कुठून आली ते थोडक्यात. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं, म्हणजे तिकडच्या मध्यवर्ती बँकेनं, व्याजदर वाढवायला सुरुवात केली तेव्हा तो शून्याच्या आसपास होता. जुलै २०२३ पर्यंत तो सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. पैसा महाग झाला की ‘पुढच्या वर्षी केलं तरी चालेल’ अशा प्रकल्पांना पहिली कात्री लागते, आणि पुण्या-बंगळूरचा बराच धंदा तशा प्रकल्पांवर उभा आहे. त्यातच २०२२ पासून अमेरिकी करकायद्यातल्या कलम १७४ मुळे सॉफ्टवेअर घडवण्याचा खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा करता येईना. अमेरिकेत झालेला खर्च पाच वर्षांत आणि बाहेर झालेला पंधरा वर्षांत विभागून दाखवावा लागू लागला. तिकडच्या लहान कंपन्यांच्या हातातला पैसा आटला. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएसमधली माणसं १३,२४९ नं घटली, इन्फोसिसमधली २५,९९४ नं, विप्रोमधली २४,५१६ नं. यातल्या सगळ्यांना काढलं असं नव्हे. सोडून गेलेल्या कित्येकांच्या जागा भरल्याच नाहीत. कंपनी लहान असो की मोठी, अशा न भरलेल्या खुर्च्यांपाशी कामं साचत जातात. थोड्या मुदतीचं काम येतं ते तिथून.

नोकऱ्यांच्या पोर्टलवर ते क्वचितच दिसतं. पोर्टलवर दिसतं तोवर त्यावर अर्जांचा ढीग पडलेला असतो आणि त्या ढिगाला लावायला दर हीच सर्वांत सोपी चाळणी असते. मी जुन्या सहकाऱ्यांना, जुन्या मॅनेजरांना फोन करत गेले. पहिल्या काही फोनांत ‘तुमच्याकडे काही ओपनिंग आहे का’ असं विचारायचे. उत्तर ठरलेलं: हायरिंग फ्रीज आहे, म्हणजे भरती बंद. ते खरंही होतं. मग प्रश्न बदलला. ‘तुमच्याकडं गेल्या सहा महिन्यांत कोण सोडून गेलं, आणि त्यामुळं काय अडलंय?’ या प्रश्नाला माणसं भरभरून उत्तर देतात. कारण त्यांची रात्रीची झोप त्यानंच उडालेली असते.

त्या काळात अडलेल्या गोष्टी तरी किती होत्या! जानेवारी २०२३ मध्ये ओरॅकलनं आपल्या जावा या प्रोग्रॅमिंगच्या साधनाचं लायसन्स सर्व्हरवरून काढून कंपनीच्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर मोजायला सुरुवात केली. मोजक्या सर्व्हरांवर जावा चालवणाऱ्या, पण हजारो कामगार असलेल्या कारखान्याला याचा अर्थ काय होतो ते लगेच कळतं. ओपनजेडीके या जावाच्या मोफत पर्यायावर जायचं तर जुने प्रोग्रॅम तपासून द्यायला कोणीतरी हवं, दोन-तीन महिन्यांसाठीच. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं झालं, तेव्हा भोसरी आणि चाकणमधले लहान कारखानदार आपल्या जुन्या ईआरपीतून, म्हणजे कारखान्याचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, ते कसं काढायचं म्हणून हैराण होते. त्यांना आयटी विभागच नसतो. एक अकाउंटंट आणि एक ‘कॉम्प्युटरवाला’ असतो. प्रसूती रजा २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची आहे. म्हणजे एखाद्या टीममधली मुलगी रजेवर गेली की बरोबर सहा महिन्यांची जागा रिकामी होते, आणि ती परत येणार असल्यानं तिथं कायमचा माणूस घेताही येत नाही. अशा जागेवर काम करणं मला मनापासून आवडतं. तिच्या नोंदी नीट ठेवायच्या, तिचं काम तिला परत मिळेल अशा अवस्थेत द्यायचं.

आणि माझं हक्काचं काम म्हणजे ओरॅकलवरून पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसवर जाणं. मंदीत खर्च कमी करायचा म्हणून हा निर्णय वरून येतो, आणि खाली कोणालाच अंदाज नसतो की त्यात काय काय दडलंय. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) आणि नल (माहितीच नसणं) एकच मानतं, पोस्टग्रेस तसं मानत नाही. या एका फरकानं वर्षानुवर्षं चालत आलेल्या रिपोर्टमधल्या ओळी गायब होऊ शकतात आणि कुठलीही एरर येत नाही. ओरॅकलमधली पॅकेजेस, म्हणजे एकत्र बांधलेले छोटे प्रोग्रॅम, पोस्टग्रेसमध्ये तशीच्या तशी नसतात. हे ज्यानं एकदा केलंय त्याला कुठं हात घालायचा ते ठाऊक असतं. न केलेल्याला ते लाइव्ह गेल्यावर कळतं. म्हणून दर ठरवताना मी लावलेल्या तासांइतकंच टळलेल्या चुकांबद्दलही बोलते.

आता दर. रिक्रूटरचा फोन येतो, नॉयडातून किंवा हैदराबादहून, आणि सुरुवातीलाच तीन गोष्टी विचारल्या जातात: करंट सीटीसी (सध्याचं वर्षाचं एकूण पॅकेज), एक्स्पेक्टेड (अपेक्षित पॅकेज), लास्ट वर्किंग डे. ती मुलं-मुली बिचारी दिवसाच्या टार्गेटवर असतात, त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. पण हे तीन प्रश्न मिळून आपली गरज मोजतात. ‘मी लगेच जॉइन होऊ शकते’ हे सांगताना आपल्याला वाटतं की आपण सोय देतोय. समोरच्याला ऐकू येतं की हिच्या हातात दुसरं काही नाही. गरजवंताला अक्कल नसते, असं आपल्याकडं म्हणतात. मी तर म्हणेन, अक्कल असते, पण भीतीपुढं ती वापरायला अवधी मिळत नाही. म्हणून हिशेब फोन यायच्या आधी करून ठेवायचा.

समजा, नोकरीत २४ लाखांचं पॅकेज होतं. रिक्रूटर म्हणतो, महिन्याला दोन लाख, बावीस दिवसांचे झाले दिवसाला नऊ हजार, ‘मॅम, मॅच तो हो रहा है’. मॅच होत नाही. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून शनिवार-रविवारचे १०४ गेले, सणवारांचे दहा गेले, आजारपण आणि घरची कामं धरून वीस गेले. उरले २३१. दोन कंत्राटांच्या मध्ये वर्षातले दोन महिने तरी रिकामे जाणार असं धरलं, आणि मंदीत ते धरावंच लागतं, तर बिल करता येतील असे दिवस उरतात १९० च्या आसपास. चोवीस लाखांना १९० नं भागलं की दिवसाचे साडेबारा हजारांवर जातात, तासाचे जवळजवळ सोळाशे. यात अजून घरच्यांचा आरोग्यविमा, लॅपटॉप, सीएची फी आणि जी ग्रॅच्युइटी आता कधीच मिळणार नाही ती धरलेली नाही. दिवसाला नऊ हजारांवर मी ‘हो’ म्हटलं तर रिकाम्या दोन महिन्यांचा आणि सगळ्या सुट्ट्यांचा खर्च मी एकटीनं उचलते. कंपनीच्या वहीत त्याची नोंदही होत नाही.

मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथं येतं. कंत्राटी माणूस कंपनीला कौशल्य देतो, तसंच त्याला कधीही थांबवता येण्याची मोकळीकही देतो. नोटीस छोटी, सेव्हरन्स (काढताना द्यायची रक्कम) नाही, काम नसताना पगार देऊन बेंचवर बसवायचं नाही, पेपरात ‘कर्मचारी कपात’ म्हणून बातमी यायची नाही. तेजीत या मोकळिकीची कंपनीला फारशी गरज नसते. तेव्हा त्यांना माणूस टिकवायचा असतो. मंदीत पुढच्या तिमाहीत काय होईल हे कोणालाच माहीत नसतं, आणि नेमकी तेव्हा ही मोकळीक सर्वांत मोलाची होते. म्हणजे कौशल्याचा भाव बाजारात उतरलेला असेल, मी ते नाकारत नाही. पण मी घेतलेल्या जोखमीचा भाव त्याच वेळी चढलेला असतो. ‘बाजार पडलाय, दर कमी करा’ असं म्हणणारा माणूस या दोन्हींतली पहिलीच गोष्ट बोलतो. दुसरी आपणच बोलून दाखवावी लागते. ती शांतपणे, हिशेबाच्या भाषेत बोलली की समोरचा ती ऐकतो. निदान विचार करतो.

याचा अर्थ हटून बसायचं असा नाही. मी दर कमी केलेले आहेत. पण नुसता दर कमी करून बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं नाही, हे मी कसोशीनं पाळते. पिंपरीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीचे मॅनेजर म्हणाले, ‘मॅडम, वीस टक्के कमी करा, वरून बजेटच तेवढं आलंय.’ मी म्हटलं, ‘बजेटचा आकडा मला मान्य आहे. आठवड्याचे चार दिवस काम करते, दर तोच.’ त्यांचं बिल बरोबर वीस टक्क्यांनी उतरलं आणि माझा शुक्रवार मोकळा झाला, जो मी दुसऱ्या एका छोट्या कामाला दिला. दुसऱ्या एका ठिकाणी दर खरोखरच खाली आणला, पण बदल्यात सहा महिन्यांची किमान हमी लिहून घेतली. सहा महिन्यांची हमी म्हणजे माझ्या हिशेबातले रिकामे दिवस कमी झाले, म्हणून दर कमी होणं न्याय्यच होतं. हिशेब आपल्याकडं मांडलेला असला की कुठं सोडायचं ते कळतं.

आणि कधीकधी खरोखर हात दगडाखाली असतो. कर्जाचा हप्ता पाच तारखेला जातो, मुलांच्या शाळेची फी येते, घरचे म्हणतात, ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागं लागू नकोस.’ अशा वेळी कमी दराचं काम घ्यावं. त्यात कमीपणा नाही. फक्त कमी दर कमी मुदतीसाठी घ्यावा. बारा महिन्यांचं देऊ करत असतील तर तीनचं मागावं, आणि बिलावर आपला नेहमीचा दर लिहून त्याखाली ‘या कंत्राटापुरती सवलत’ अशी वेगळी ओळ टाकावी. ही ओळ छोटी दिसते, पण पुढच्या वेळी ‘आधी तर तुम्ही इतक्यात केलं होतं’ या वाक्याला तिनं परस्पर उत्तर दिलेलं असतं. तेजी आली की दर आपोआप वर जात नाहीत. लिहून ठेवलेला आकडा हातात असेल तरच तो पुन्हा मागता येतो.

थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे काम एका कंपनीचं आणि पगार मधल्या व्हेंडरकडून अशा रीतीनं, काम करणाऱ्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. क्लायंटनं काम एका मोठ्या व्हेंडरला दिलेलं, त्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं आपल्याला. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं उतरतं. क्लायंट देतो ते आणि आपल्या खात्यात येतं ते यांत केवढं अंतर आहे, हे आपल्याला कोणी सांगत नाही, पण ‘तुमचा क्लायंटशी थेट करार आहे का, की मध्ये आणखी कोणी आहे?’ हे विचारायला काहीच हरकत नसते. मी हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारते. थेट असेल तर रिक्रूटर अभिमानानं सांगतो. नसेल तर विषय बदलतो, आणि मग दराला किती जागा आहे याचा अंदाज येतो. सीटीसीच्या आकड्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफही आत घातलाय का, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. बहुतेक वेळा घातलेला असतो.

करार वाचताना मी सर्वांत आधी नोटीसचं कलम बघते. त्यांना सात दिवसांत थांबवता येतं आणि मला साठ दिवस थांबावं लागतं, असं असेल तर मी घेतलेली जोखीम दुप्पट झाली. ‘दोन्ही बाजूंना सारखे दिवस’ ही मागणी इतकी सरळ आहे की तिला नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं. मग नुकसानभरपाईचं कलम. एका व्यक्तीच्या करारात अमर्याद भरपाई लिहिलेली असते, कारण तो मसुदा मोठ्या कंपन्यांसाठी बनवलेला असतो. ती या कामातून मिळालेल्या फीइतकी मर्यादित करून घ्यावी. ‘काम संपल्यावर दोन वर्षं या क्षेत्रात काम करणार नाही’ असली वाक्यं वाचून माणसं घाबरतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ असं बंधन निरर्थक ठरवतं. तरीही ते खोडून घ्यावं, कारण वाद टळलेला बरा.

स्वतःच्या नावानं बिल करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र अगदी कळकळीनं सांगते: उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडं लहान उद्योग म्हणून नोंदणी, करा. ऑनलाइन आहे, फुकट आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा (एमएसएमई) कायदा २००६ चा. त्यानुसार लेखी करार नसेल तर खरेदीदारानं पंधरा दिवसांत पैसे द्यायचे, करार असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत. करारात नव्वद लिहिलं तरी कायद्यापुढं पंचेचाळीसच. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. हे सगळं कागदावर होतंच, पण आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं, २०२३-२४ च्या हिशेबापासून लागू झालं, आणि चित्र पालटलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च वजाच दाखवता येत नाही. मार्च २०२४ मध्ये एका कंपनीच्या अकाउंट्स विभागातून मला स्वतःहून फोन आला, ‘मॅडम, तुमचा उद्यम नंबर पाठवा, एकतीसच्या आत पेमेंट करायचंय.’ त्याच कंपनीकडं आधी मी आठवण करून करून थकले होते. दराची घासाघीस आपण तावातावानं करतो आणि पैसे चार महिन्यांनी आले तर गप्प बसतो. पण उशिरा आलेला पैसा हाही कमी झालेला दरच आहे.

कराचं फार लिहीत नाही, ते सीएला विचारावं. आमच्यातले बरेच जण व्यावसायिकांसाठीच्या अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीखाली (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडीए) निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवतात. रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर त्याची मर्यादा आता ७५ लाख आहे. जमा वीस लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. गृहकर्ज काढायचं असेल तर बँक मागची दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते, म्हणून ती वेळेवर भरावीत.

मला बोलायचं आहे ते त्या खाली जाणाऱ्या आवाजाबद्दल. पुण्यात सकाळी मजूर अड्ड्यावर उभ्या असलेल्या गवंड्याला आणि बिगाऱ्याला आजचा रोज किती चाललाय हे विचारा. पटकन सांगेल. शेजारच्यालाही तोच आकडा माहीत असतो. आलेला मुकादम कमी बोलला तर सगळे मिळून मान हलवतात. आम्ही मात्र एकाच फ्लोअरवर, एकाच क्लायंटचं, एकाच टूलवर काम करतो आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा दर आम्हाला ठाऊक नसतो. ऑफर लेटरवर ‘गोपनीय’ लिहिलेलं असतं आणि आपण ते आपल्याच हिताचं समजून पाळतो. मधल्या व्हेंडरला मात्र सगळ्यांचे आकडे माहीत असतात. बोलणीत एकाकडं सगळी माहिती आणि दुसऱ्याकडं फक्त स्वतःची भीती, असं असेल तर निकाल आधीच लागलेला असतो.

म्हणून आम्ही काही जुन्या सहकाऱ्यांनी मिळून एक साधी यादी ठेवली आहे. त्यात कोणाचं नाव नाही, क्लायंटचं नाव नाही. कौशल्य, अनुभवाची वर्षं, शहर, महिना, दर, मुदत, नोटीस, पैसे किती दिवसांत आले. सुरुवातीला माणसं लिहायला बिचकत होती. आपला दर इतरांपेक्षा कमी निघाला तर लाज वाटेल, जास्त निघाला तर हेवा होईल, असं दोन्ही वाटायचं. हळूहळू लिहू लागली. त्या यादीतून दिसलं की दोन ठिकाणी समान अनुभवाच्या दोघांच्या दरात जवळजवळ दीडपट फरक होता, आणि कमी घेणारी दोन्ही वेळा बाई होती. हे बघून मला फार वाईट वाटलं. करिअरमध्ये खंड पडलेल्या बायका ‘काम मिळतंय हेच खूप’ असं म्हणून पहिल्या आकड्याला हो म्हणतात, हे मी आधीही ऐकलं होतं. इथं ते रकान्यात लिहिलेलं होतं. त्यातल्या एकीनं पुढच्या नूतनीकरणाला ती यादी डोळ्यांसमोर ठेवून दर मागितला आणि थोडी घासाघीस होऊन तो मिळाला.

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या धाकट्या भावाचा फोन आला. ‘ताई, सव्वा लाख म्हणतायत महिन्याला, बारा महिन्यांचं सी-टू-एच (आधी कंत्राट, मग कायम), पेरोल व्हेंडरचं. घेऊ का? चार महिने घरी बसलोय.’ करार मागवून घेतला. व्हेंडर त्याला पंधरा दिवसांत थांबवू शकत होता, त्यानं मात्र नव्वद दिवसांची नोटीस द्यायची. क्लायंटनं काम थांबवलं तर पगार त्याच दिवसापासून बंद. सहा महिन्यांनी पर्मनंट करण्याचा ‘विचार केला जाईल’. आम्ही यादी उघडली. त्याच्या कामाचा, त्याच्या अनुभवाचा दर दीड लाखाच्या आसपास दिसत होता. त्यानं मेल लिहिली: दर एक पंचेचाळीस, नोटीस दोन्ही बाजूंना पंधरा दिवस, सहा महिन्यांनी दराचा आढावा, आणि क्लायंटनं थांबवलं तर पंधरा दिवसांचा पगार. दोन दिवस काहीच उत्तर नव्हतं, त्या दोन दिवसांत त्याचे मला कितीतरी फोन. तिसऱ्या दिवशी व्हेंडरनं कळवलं की नोटीस आणि पंधरा दिवसांचा पगार मान्य, आढावाही मान्य, दर एक तीसच्या वर जाणार नाही.

त्यानं ते घेतलं, आणि ‘घे’ असं मीही म्हटलं. पंधरा दिवसांची नोटीस असल्यानं त्याला शोध चालू ठेवता येईल. आढाव्याची तारीख त्याच्या कॅलेंडरमध्ये आहे, आणि तिच्या दीड महिना आधी क्लायंटच्या मॅनेजरशी बोलायचं असं ठरलंय. नूतनीकरणाचं बजेट तेव्हाच मांडलं जातं, मुदत संपायच्या आठवड्यात मागून काही मिळत नाही. यादीत त्याची ओळ आली आहे: जावा, सात वर्षं, पुणे, एक तीस, पंधरा दिवस.